पाण्यातल्या पानांचा उजेड

गेल्या उन्हाळ्यात नातीच्या हट्टापायी होटगीच्या घरी दोन फुटी काचेची पेटी आणली. तळाशी वाळू, चार रोपं, सहा मासे आणि वर शोभेचा मंद निळा दिवा. त्यात मासे फार छान चमकत. पण महिन्याभरात पानं पिवळी पडली, मग कुजली. एका सकाळी मासे पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होते; दोन मेले. "नाना, दिवा तर मी रोज लावत होते," नात म्हणाली. तिला काय सांगावं म्हणून पुस्तकं उघडली, आणि अडीचशे वर्षांची गोष्ट हाती लागली.

१७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्यानं सिद्ध केलं, की हिरवी पानं हवा शुद्ध करतात ती फक्त उजेडात. अंधारात ती उलट हवा बिघडवतात. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात उठणारे बुडबुडे हा त्याचा पुरावा होता. आमच्या पेटीत पानांची उपासमार झाली आणि कुजणाऱ्या पानांनी माशांचा प्राणवायू संपवला.

१८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपला प्रयोग जाहीर केला. टाकीत दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या पानांची वनस्पती. आपल्याकडच्या तळ्यांतही ती उगवते. पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या आणि समतोल साधला. त्या काळी दिवा म्हणजे खिडकीतलं ऊन. ते जास्त झालं तर शेवाळ माजे, कमी पडलं तर रोप मरे.

पुढे १८८२ मध्ये एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं सूक्ष्म शेवाळावर इंद्रधनुष्यी पट्टा पाडला. प्राणवायूच्या शोधातले जीवाणू तांबड्या आणि निळ्या भागाशी गोळा झाले. पानाचं मुख्य अन्न हेच दोन रंग. आमच्या दिव्यात तांबडा नव्हता आणि निळाही पोटभर नव्हता.

मग दिवे बदलत गेले. तापणाऱ्या बल्बनंतर १९३८ मध्ये अमेरिकेत ट्यूबलाइट बाजारात आली. पांढऱ्या एलईडीला मात्र निळ्या एलईडीची वाट पाहावी लागली. तो घडवणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. आज आपण घेतो तो दिवा याच घराण्यातला.

तो निवडावा कसा? रंगापेक्षा पाकिटावरचे आकडे पाहावेत. ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा पांढरा उजेड दिवसासारखा असतो. अनुबियास, जावा फर्नसारख्या सोशिक रोपांना लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन हा साधारण आडाखा. आमच्या ५५ लिटरच्या पेटीला हजार-बाराशे ल्युमेन पुरतात. सुरुवातीला रोज सहा तास, पुढे सात-आठ. शेवाळ दिसलं तर तास कमी करायचे. आणि पेटी खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवायची.

नातीला मी एवढंच सांगितलं, की तो दिवा आपल्या डोळ्यांसाठी होता, पानांसाठी नव्हता. आता दिवा ती वेळेवर लावते, आणि वेळेवर विझवतेही. होटगीच्या तलावावर रोज ऊन पडतं, तशी रोज रात्रही होतेच की.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)