नटाचे अश्रू : ‘सत्त्व’ आणि ‘पात्र’ ह्या दोन संज्ञांचा विचार

रंगभूमीवर नट रडतो तेव्हा ते अश्रू कोणाचे असतात? भूमिकेतील भावना नटाने स्वतः अनुभवावी की अलिप्त राहून तिचे केवळ दर्शन घडवावे, हा वाद युरोपात अठराव्या शतकापासून चालत आला आहे. भरताने ‘सात्त्विक’ अभिनय सांगितला असल्यामुळे त्याला पहिल्या पक्षात बसविण्याचा मोह होतो. परंतु संस्कृत नाट्यविचारातील दोन संज्ञा नीट तपासल्या म्हणजे हे वर्गीकरण टिकत नाही.

नाट्यशास्त्राचा काळ सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० ह्या दरम्यान मानला जातो. ‘अभि’ हा उपसर्ग व ‘नी’ हा धातू ह्यांपासून ‘अभिनय’ शब्द सिद्ध होतो. प्रयोगाचा अर्थ प्रेक्षकाच्या सन्मुख नेणे, हा त्याचा आशय होय. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे त्याचे चार प्रकार. स्तंभ, स्वेद, रोमांच, अश्रू इत्यादी आठ भाव सात्त्विकात मोडतात. सातव्या अध्यायात भरत एक मार्मिक प्रश्न उपस्थित करतो : जो दुःखी नाही त्याने दुःख, आणि जो सुखी नाही त्याने सुख दाखवावे कसे? त्याचे उत्तर असे की, सत्त्व मनातून उत्पन्न होते आणि मनाच्या एकाग्रतेने सिद्धीस जाते. नट दुःखी नाही हे येथे गृहीतच धरलेले आहे. त्याच्यापासून अपेक्षा आहे ती समाहित चित्ताची. वैयक्तिक शोकाची नव्हे.

इ. स. १००० च्या सुमारास काश्मीरात अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेला. रसाचा आस्वाद प्रेक्षकाचा असतो. नट हे त्या आस्वादाचे साधन होय, आणि म्हणूनच त्याला ‘पात्र’ म्हणतात, असे तो ‘अभिनवभारती’त सांगतो. मद्याची चव चषकाला कळत नाही, पण चषकावाचून ते ओठांपर्यंत पोहोचत नाही.

फ्रान्समध्ये दिदरो ह्याने नटाविषयीच्या आपल्या संवादात भावनावशतेला विरोध केला. हा संवाद त्याच्या मृत्यूनंतर, १८३० साली, प्रसिद्ध झाला. भावनेवर विसंबणारा नट पहिल्या प्रयोगात पेटेल आणि पुढच्या प्रयोगांत विझेल, हे त्याचे मुख्य प्रमेय. उलट, १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरच्या स्थापनेत सहभागी असलेल्या स्तानिस्लाव्हस्कीने नटाच्या भावनिक स्मृतीला महत्त्व दिले. तथापि उत्तरायुष्यात त्याचा भर शारीरिक कृतींवर आला. भरत ह्या दोघांपैकी कोणाचाही पूर्वसूरी नव्हे. दिदरोच्या थंड बुद्धीहून सत्त्व वेगळे आहे, कारण त्यात मन गुंतलेले असते. आणि भावनिक स्मृतीहूनही ते वेगळे आहे, कारण त्यात नटाचे खाजगी चरित्र येत नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात ह्या भेदाला विशेष महत्त्व आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे ह्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. १८८३ साली आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ ह्या नावाने भाषांतर केले. त्या नावातच भर आहे तो मनोविकारांवर. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी ह्याच हॅम्लेटच्या भूमिकेमुळे कीर्तीस चढले. नाट्यशास्त्राची संहिता मात्र मुंबईच्या काव्यमालेत १८९४ साली छापली गेली, आणि ‘अभिनवभारती’चा पहिला खंड बडोद्याहून १९२६ साली निघाला. गणपतराव १९२२ सालीच निवर्तले होते. तेव्हा त्या पिढीच्या अभिनयाचा आधार ‘अभिनवभारती’ असणे शक्य नव्हते. तो तालमीत, पाठांतरात आणि स्वराच्या मेहनतीत शोधावा लागतो.

आजच्या मराठीत ‘पात्र’ म्हणजे नाटकातील कल्पित व्यक्ती. नट तिच्याहून निराळा. हा अर्थ सोयीचा असला तरी त्यामुळे जुना संकेत झाकला गेला आहे. जुन्या अर्थाने पात्र म्हणजे स्वतः नट. हा अर्थ ध्यानात ठेवला तर प्रारंभीच्या प्रश्नाचे स्वरूपच पालटते. नटाचे अश्रू खरे की खोटे, ह्यापेक्षा ते प्रेक्षकापर्यंत पोहोचले की नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. नटाच्या साधनेचे मोलही त्याच्या दुःखाच्या खरेपणात नसून, दर प्रयोगी मन पुन्हा एकाग्र करण्याच्या सामर्थ्यात आहे.