दोर ओढणाऱ्यांचं पदक

२३ मार्च १८७५, पश्चिम प्रशांत महासागर

पायाखालची लाकडी फळी ओली आहे. तुम्ही ‘एचएमएस चॅलेंजर’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर उभे आहात. जहाज ६१ मीटरच्या आसपास लांब, त्यावर शिडंही आहेत आणि वाफेचं इंजिनही. सतरा तोफांपैकी दोन सोडून बाकीच्या उतरवून ठेवल्यात. त्या जागी प्रयोगशाळा आली, सूक्ष्मदर्शकं आली, स्पिरिटने भरलेल्या बरण्या आल्या. तागाचा दोर, इंजिनाचं तेल आणि स्पिरिट असा मिसळलेला वास तुमच्या नाकात बसतो.

कठड्यावरून दोर समुद्रात सुटतोय. त्याच्या टोकाला लोखंडी वजनं आहेत. दर शंभर वावांची खूण पाण्यात गेली की एक जण वेळ टिपून घेतो. हजार वाव गेले, दोन हजार गेले, तीन हजारही. तुम्ही कंटाळून दुसरीकडे बघता, पुन्हा वळता, तरी दोर चाललेलाच. तळ लागतो तो ४४७५ वावांवर, म्हणजे सुमारे ८१८४ मीटरवर. एवढी खोली खरी वाटत नाही, म्हणून दुसऱ्यांदा दोर सोडून खात्री केली जाते. सोबत सोडलेल्या तापमापकांपैकी काही पाण्याच्या दाबाने फुटून वर येतात.

आज ज्याला मारियाना गर्ता म्हणतात, तिच्या एका टोकाला तुम्ही उभे आहात. डेकवर कुणालाच ते ठाऊक नाही. त्यांच्या वहीत ही फक्त २२५ क्रमांकाची जागा आहे.

तीसेक वर्षांपूर्वी एडवर्ड फोर्ब्ज या निसर्गशास्त्रज्ञाने अंदाज बांधला होता की ३०० वावांच्या खाली जीवसृष्टी नसावी. या जहाजाने तो अंदाज पुरता मोडीत काढला आहे. डिसेंबर १८७२मध्ये पोर्ट्समथहून निघाल्यापासून जाळं टाकावं तिथून काहीतरी जिवंत वर येतंय. मोहीम मे १८७६मध्ये संपेल, तेव्हा ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास आणि ३६२ जागांच्या नोंदी झालेल्या असतील. पुढे त्या बरण्यांमधून विज्ञानाला अपरिचित असे सुमारे ४७०० जीव ओळखले जातील.

आता जरा दोर ओढणाऱ्यांकडे बघा. इंजिनाची मदत आहे, पण ओला, जड दोर गुंडाळायचा, जाळं उपसायचं, चिखल चाळायचा, ही कामं माणसांनाच करावी लागतात, तीही रखरखीत उन्हात. १८७३मध्ये जाळं तळाशी अडकलं, दोरावर ताण आला, एक कप्पी निखळली आणि विल्यम स्टोक्स नावाचा पोरसवदा खलाशी तिच्या तडाख्याने मेला. बरेच खलाशी वाटेतल्या बंदरांवर जहाज सोडून पळाले. चिखलाची वाटी हातात घेऊन जो आनंदाने थरारतो, तो वैज्ञानिक. खलाशाच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच दोर.

त्या वैज्ञानिकांमध्ये एक दाढीवाला, ठाम बोलणारा तरुण आहे. जॉन मरे. जन्म कॅनडातला, शिक्षण एडिंबरोचं. त्याला नीट पाहून ठेवा, पुढच्या प्रवासात तो भेटत राहणार आहे.

१८९५, एडिंबरो

तुम्ही एक जिना चढता. हे चॅलेंजरचं कार्यालय. मोहिमेचे वैज्ञानिक प्रमुख चार्ल्स वायव्हिल थॉमसन १८८२मध्ये वारले. साऱ्या नमुन्यांचा, कागदपत्रांचा आणि सरकारी तगाद्यांचा भार तेव्हापासून मरेंच्या खांद्यावर आहे. देशोदेशीच्या तज्ज्ञांना बरण्या पाठवायच्या, त्यांच्याकडून हस्तलिखितं मिळवायची, छापून घ्यायची. सरकारी पैसा अपुरा पडला तेव्हा मरेंनी पदरचा घातला. अहवालाचा पन्नासावा खंड आता बाहेर पडतोय. एकूण पानं सुमारे २९,५००.

नमुन्यांच्या या पसाऱ्यात फ्रेडरिक पिअर्सीनेही वर्षानुवर्षं काम केलं आहे. जहाजावर तो हरकाम्या पोरगा म्हणून चढला होता. निसर्गशास्त्रज्ञांना मदत करता करता नमुने हाताळायला शिकला आणि पुढे इथे आला. समुद्राच्या चिखलाबद्दल त्याला जे कळतं, ते त्या काळी फार थोड्यांना कळत असेल.

टेबलावर कांस्याचं एक पदक आहे. उचलून बघा, हाताला चांगलं जड लागतं. चिलखत घातलेला एक योद्धा आव्हानाचा हातमोजा खाली फेकतोय, हे जहाजाच्या नावाला साजेसं चित्र. मोहीम संपून एकोणीस वर्षं झाल्यावर मरेंनी ते तयार करवून घेतलं. जहाजावरचे अधिकारी, वैज्ञानिक, अहवालाचे लेखक, कामाला हात लावणारे इतर, अशा शंभराहून अधिक जणांना ते दिलं गेलं. हे पदक स्पर्धेतल्या पहिल्या नंबराचं नव्हे. कामात जो सोबत होता, त्याची आठवण ठेवणारं आहे. मला या पदकाचं मोल फार वाटतं. तरीही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे, की दोर ओढणाऱ्या प्रत्येक खलाशापर्यंत ते पोचलं नाही.

एप्रिल १९१०, प्लिमथ

बंदरात ‘मायकल सार्स’ नावाची नॉर्वेची छोटी आगबोट उभी आहे, चॅलेंजरच्या पुढे अगदीच लहान. मरे आता सत्तरीला टेकलेत. बोट नॉर्वे सरकारने दिली आहे, मोहिमेचा खर्च मात्र मरेंचा.

एवढा पैसा आला कुठून? हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचा एक दगड तपासताना मरेंना त्यात फॉस्फेट सापडलं. बेट ब्रिटनने ताब्यात घेतलं, खाण सुरू झाली, मरे श्रीमंत झाले. त्या बेटामुळे सरकारी तिजोरीत आलेला पैसा चॅलेंजर मोहिमेच्या खर्चाहून जास्त होता, असं ते सांगत. खाणीत राबले ते चिनी आणि मलाय मजूर. समुद्रविज्ञानाच्या या सोनेरी पानामागे त्यांचाही घाम आहे.

मरे आज शोकात आहेत. गेल्याच महिन्यात, २७ मार्चला, त्यांचे अमेरिकन स्नेही अलेक्झांडर अगासिझ अटलांटिक ओलांडताना जहाजावरच वारले. अगासिझ तांब्याच्या खाणीचे मालक. त्यांनी स्वतःच्या कमाईतून कित्येक सागरी मोहिमा काढल्या आणि चॅलेंजरच्या सागरी साळिंदरांवरचा खंड लिहिला. प्रवाळ बेटं कशी बनतात या प्रश्नावर दोघेही डार्विनच्या मताविरुद्ध उभे राहिले. पुढे पुरावे बऱ्याच अंशी डार्विनच्या बाजूने गेले. पण दोघांनी धुंडाळलेला समुद्र सगळ्यांच्या उपयोगी पडला.

मायकल सार्सवर मरेंसोबत नॉर्वेचे योहान ह्योर्ट आहेत. त्यांना एक साधा, पोटाचा प्रश्न छळतोय. एका वर्षी हेरिंग मासा किनाऱ्यावर मावत नाही आणि पुढे कित्येक वर्षं तोंड दाखवत नाही, असं का? ह्योर्ट आणि त्यांचे सहकारी माशाचा खवला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्षागणिक कडी दिसतात, त्यावरून माशाचं वय कळतं. हजारो खवले मोजल्यावर चित्र उलगडतं. १९०४ साली जन्मलेली हेरिंगची एकच पिढी इतकी मोठी निघाली, की पुढे कित्येक वर्षं नॉर्वेच्या जाळ्यांत तीच भरत राहिली. पिल्लं जन्मल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत किती जगतात, यावर पुढच्या कित्येक हंगामांचं भवितव्य ठरतं, असं ह्योर्ट मांडतात.

अगासिझ यांच्या स्मरणार्थ मरे १९११मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे सागरविज्ञानाच्या पदकासाठी निधी सोपवतील. १९१३मध्ये पहिलं अगासिझ पदक ह्योर्ट यांना मिळेल. याच बोटीवरच्या ब्योर्न हेलंड-हान्सेन यांना ते १९३३मध्ये आणि हाकॉन ग्रान यांना १९३४मध्ये मिळेल. मित्राच्या नावाने लावलेलं रोप, त्याची फळं पुढच्या पिढीला.

१९३३, अरबी समुद्र

मरे १९१४मध्ये मोटार अपघातात गेले. पण मृत्युपत्रात त्यांनी समुद्रासाठी पैसा ठेवला होता. त्याच पैशावर निघालेल्या ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावर आता तुम्ही आहात. खलाशी इजिप्तचे, वैज्ञानिकांत इजिप्तचेही आणि ब्रिटिशही. नेते सेमूर सेवेल, काल-परवापर्यंत भारताच्या प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक. पाणी मात्र आपलं, ज्याच्या पलीकडच्या काठावर रत्नागिरी आणि मालवण आहेत.

तळाचा आलेख काढताना समुद्राखालची एक डोंगररांग हाती लागते. तिला पुढे मरे यांचं नाव मिळेल. पाण्याचे नमुने तपासताना दिसतं, की पृष्ठभागाखाली शे-दोनशे मीटरपासून हजार मीटरच्याही पलीकडे प्राणवायू जवळपास नाहीच. काही जागी जाळं रिकामं वर येतं. जे मरे खोल समुद्रात जीव असल्याचं दाखवणाऱ्या चॅलेंजरवर होते, त्यांच्याच पैशावर निघालेल्या मोहिमेला समुद्राच्या मधल्या थरात जीव गुदमरवणारा पट्टा सापडतो.

दोना पावला, गोवा

१९६६ सालच्या १ जानेवारीला स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथल्या टेकडीवर आहे. २६ जानेवारी १९८१ला या संस्थेच्या मोहिमेत ‘गवेषणी’ जहाजावर समुद्रतळाचे काळे, मँगनीजयुक्त गोळे वर आले. असे गोळे चॅलेंजरनेही काढले होते. याच संस्थेतल्या सतीश शेट्ये यांना १९९२मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. मोसमी वाऱ्यांनुसार आपल्या किनाऱ्यालगतचे प्रवाह दिशा कशी बदलतात, हे उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मधल्या थरातलं कमी प्राणवायूचं पाणी पावसाळ्यात उथळ भागावर चढून येतं, ते याच वारा-प्रवाहांच्या खेळामुळे. त्याचा मासळीवर काय परिणाम होतो, हे कोळीवाड्यातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

हा समुद्र आता नुसता मोजून भागणार नाही, तो राखावा लागेल. महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. अंडी घालायच्या आत मासा मारू नये, हा त्यातला हेतू. तो पटवून द्यायला ह्योर्ट यांचे खवले आजही पुरेसे आहेत. आणि हा नियम टिकेल तो जाळं टाकणाऱ्याने मनापासून मानला तरच.

म्हणून सागरविज्ञानाचे आणि जलसंवर्धनाचे पुरस्कार देणाऱ्या आपल्या विद्यापीठांना, संस्थांना आणि सरकारला माझी विनंती आहे. वैज्ञानिकाचा गौरव जरूर करा, त्याच्याशिवाय दोराच्या टोकाला काय आलं हे कुणालाच कळलं नसतं. पण ज्या होडीवरून नमुने गोळा झाले, त्या होडीच्या तांडेलाचं नाव मानपत्रात लिहा. संशोधन जहाजावरच्या खलाशांची नावं लिहा. आपल्या जाळ्यातले मासे मोजू देणाऱ्या, त्यांची लांबी घेऊ देणाऱ्या कोळणींची नावं लिहा, आणि त्यांना मंचावर बोलवा. मरेंनी १८९५मध्ये सोबत्यांची आठवण ठेवली, पण ती दोरापर्यंत पुरती पोचली नाही. ते उरलेलं काम आपलं आहे, आणि त्यासाठी मानपत्रात दोन ओळी वाढवण्याखेरीज काहीही लागत नाही.