पेन्सविकच्या दगडी पेट्या

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशर परगण्यांत पेन्सविक नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील सेंट मेरीच्या चर्चच्या आवारांत नीट कातरलेल्या यू वृक्षांच्या सावलींत जागोजाग कोरीव दगडी पेट्या मांडलेल्या दिसतात. प्रत्येक पेटींत कोणी तरी निजलें असावें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. वस्तुतः त्या पोकळ आहेत. प्रेत खालीं जमिनींत. वरची पेटी केवळ नांवासाठीं.

मध्ययुगांत सरदार व धर्माधिकारी चर्चच्या आंत पुरले जात. बाहेरची माती सामान्य रयतेची. तिच्या उशाशीं टिकाऊ दगड क्वचितच असे. सतराव्या शतकापासून हें चित्र पालटूं लागलें. पेन्सविकच्या ओढ्यांवर पाणचक्क्या चालत आणि त्यांत लोकरी कापड कुटून घट्ट करीत. त्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या घराण्यांनीं चर्चच्या भिंतीबाहेरच आपलीं स्मारकें उभारलीं. ग्लॉस्टरशरचें कापड ईस्ट इंडिया कंपनी पूर्वेकडे पाठवीत असे; असलें विलायती कापड मराठी मुलुखांत सकलाद म्हणून ओळखलें जाई.

हीं स्मारकें घडविणाऱ्यांत ब्रायन हें पाथरवटांचें घराणें प्रसिद्ध होतें. जवळच्या टेकडीवरचा चुनखडीचा दगड कोरण्यास मऊ. त्यावर पंख असलेलीं बालमुखें व फुलांचे हार सहज उमटत. ह्या घराण्यांतील जॉन ब्रायन १७८७ मध्यें वारला. त्याचें स्वतःचें थडगें मात्र पेटीसारखें नसून पिरॅमिडच्या आकाराचें आहे.

परंतु ज्या मऊपणामुळें कोरीव काम साधलें, त्याच मऊपणामुळें पाऊस व हिम दगड झिजवितात. आंतील लोखंडी आंकडे गंजून फुगतात आणि सांधे फोडतात. कांहीं कुटुंबांनीं नांवाकरितां धातूचे पत्रे जडविले, म्हणून तीं नांवें वाचतां येतात. उघड्या दगडावरचीं अक्षरें पुसट होत जातात.

अशीं अक्षरें पुन्हां कोरावीं काय? विल्यम मॉरिसनें १८७७ मध्यें स्थापिलेल्या प्राचीन वास्तुसंरक्षक संस्थेचें तत्त्व असें कीं, जुन्याची डागडुजी करावी, त्यास नवें रूप देऊं नये. त्या तत्त्वाप्रमाणें गंजलेल्या लोखंडाच्या जागीं न गंजणारें पोलाद बसविणें व सांधे चुन्यानें भरणें योग्य; पण अक्षरांवर नवी छिन्नी चालविली, तर व्यापाऱ्याचें नांव राहील आणि पाथरवटाचा हात कायमचा नाहींसा होईल. पेट्या नांवासाठीं उभारल्या गेल्या हें खरें. तथापि आज त्यांच्यांत जपण्याजोगें जें अधिक उरलें आहे, तें नांव नसून तें कोरणाऱ्याचें काम होय.