एक बंद फोन आणि 1789चा कायदा

आज एका बंद फोनची गोष्ट सांगतो.

2 डिसेंबर 2015. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो शहर. एका नवरा-बायकोने गोळीबार करून 14 जणांचे जीव घेतले. पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोघंही मेले. मागे राहिला नवऱ्याचा आयफोन, तोही नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला. मालक असलेलं कार्यालय तपासाला तयार होतं. पासकोड मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. दहादा चुकला तर आतलं सगळं पुसलं जाण्याची भीती.

ॲपलने आपल्या क्लाउडवरची माहिती पोलिसांना दिली होती. पण 16 फेब्रुवारी 2016ला न्यायालयाने सांगितलं, ही सुरक्षा बाजूला सारणारं नवं सॉफ्टवेअर तयार करून द्या. आधार कशाचा? 1789च्या 'ऑल रिट्स ॲक्ट'चा! टेलिफोनचाही जन्म झाला नव्हता तेव्हाचा कायदा.

ॲपलचे टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. असं साधन एकदा घडलं की ते एका फोनपुरतं राहत नाही, हा त्यांचा मुद्दा. एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी म्हणत होते, आम्हाला सगळ्यांची कुलुपं तोडायची नाहीत. मेलेल्यांसाठी तपास पूर्ण करायचाय. हेही खोटं म्हणता येत नाही.

22 मार्चला सुनावणी होती. आदल्या दिवशी सरकारने ती पुढे ढकलायला सांगितली आणि 28 मार्चला कळवलं, बाहेरच्यांच्या मदतीने फोन उघडला. खटला मिटला, निकाल लागलाच नाही.

खरी मेख 2018मध्ये कळली. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालानुसार, एफबीआयच्याच एका विभागाच्या ओळखीतली कंपनी तोडग्याजवळ पोहोचली होती. कोर्टात जाण्याआधी त्या विभागाला कुणी नीट विचारलंच नव्हतं!

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 आहे. सांकेतिक मजकूर उलगडायला मदत नाकारली, तर सात वर्षांपर्यंत कैद. हा आदेश साधारणपणे गृहसचिव देतात, न्यायाधीश नाही. आणि 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय.

माझं मत सांगतो. कंपनीने हाती आहे ते न्यायालयाच्या आदेशाने द्यावं. नसलेली किल्ली घडवायला तिला भाग पाडू नये. त्यापायी एखादा तपास अपुरा राहील, ही किंमत मला मान्य आहे. पण त्या 14 घरांपैकी एक माझं असतं, तर मी हेच म्हणालो असतो का? तुम्हीही स्वतःला विचारून पाहा.