कामगार नुकसानभरपाई कायद्याचा इतिहास आणि खुलताबाद परिसरातील श्रमिक : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील खुलताबाद हा तालुका वेरूळची लेणी, सूफी संतांचे दर्गे, औरंगजेबाची कबर आणि भद्रा मारुती यांमुळे सर्वपरिचित आहे. दौलताबाद-खुलताबाद मार्गावरील कागजीपुरा हे गाव हातकागदाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. या परिसराचा इतिहास लिहिताना राजे, सुभेदार व संत यांची नोंद आवर्जून घेतली जाते. परंतु दगड फोडणारे, विहिरी खोदणारे, शेतात राबणारे हात त्या इतिहासात क्वचितच आढळतात. काम करताना हा हातच निकामी झाला तर त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला कायद्याने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कामगार नुकसानभरपाईच्या मागणीचा महाराष्ट्रातील उगम पाहणे.
२) १९२३ च्या कायद्याचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.
३) खुलताबादसारख्या ग्रामीण भागातील श्रमिकांच्या दृष्टीने या कायद्याचे मूल्यमापन करणे.

मागणीचा उगम :

भारतात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला असला, तरी ही मागणी त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे मुंबईच्या गिरणी कामगारांनी केली होती. महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथील सुपारीबागेत कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करण्यात आले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती व वेळेवर पगार या मागण्या सर्वज्ञात आहेत. त्याच निवेदनात अशीही मागणी होती की, कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. दुखापतीच्या भरपाईसाठी मात्र आणखी तीन दशके वाट पाहावी लागली.

१८८१ च्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची वर्दी देणे मालकांवर बंधनकारक केले होते. परंतु जखमी कामगाराच्या हाती त्यातून काही पडत नव्हते. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यानुसार वारसांना दावा करता येई, पण त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. निरक्षर कामगाराच्या विधवेला हे जवळजवळ अशक्य होते.

१९२३ चा कायदा :

जर्मनीने १८८४ मध्ये व इंग्लंडने १८९७ मध्ये स्वीकारलेले तत्त्व भारतात १९२३ च्या कायद्याने आले. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज यापुढे राहिली नाही. अपघात कामामुळे व काम चालू असताना झाला एवढेच दाखवणे पुरेसे ठरले. सदर बदल मूलगामी होता. मात्र रकमा तुटपुंज्या होत्या. मृत्यूबद्दल ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळे. दरमहा ३० रुपये मिळवणाऱ्या कामगाराच्या जिवाची किंमत याप्रमाणे ९०० रुपये होत असे.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची ठरते. खुलताबाद त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. औरंगाबादेत १८८९ मध्ये कापड गिरणी उभी राहिली होती आणि १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाल्यावर या भागात सरकी काढण्याचे कारखानेही निघाले. यंत्र आले, यंत्राचा धोका आला. परंतु त्या धोक्यावरील ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा संस्थानाच्या हद्दीवर थांबला. मुंबईच्या गिरणीत बोट गमावणारा कामगार भरपाईचा हक्कदार होता. औरंगाबादच्या गिरणीत तीच दुखापत झालेल्याला या कायद्याचा आधार नव्हता. त्याचे भवितव्य निजाम सरकारच्या स्वतंत्र निर्णयावर अवलंबून होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले व राज्यघटना अमलात आल्यावर केंद्रीय कामगार कायद्यांची कक्षा या भागापर्यंत आली.

व्याख्येची हद्द :

भौगोलिक हद्द पुसली गेली, परंतु व्याख्येची हद्द कायम राहिली. मूळ कायद्यानुसार ज्याचे काम नैमित्तिक स्वरूपाचे आहे व जो मालकाच्या धंद्याच्या कामासाठी नेमलेला नाही, तो 'कामगार' ठरत नसे. ही अट २००० च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. ट्रॅक्टर वा अन्य यंत्रशक्तीवर चालणाऱ्या शेतीतील मजूर तसेच विहिरी खोदणारे व खोल करणारे मजूर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आले. मळणी यंत्राच्या अपघातांची दखल घेऊन १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम केला. २००९ च्या दुरुस्तीने 'कामगार' या शब्दाऐवजी 'कर्मचारी' हा शब्द आला.

भरपाईच्या हिशोबाचे सूत्रही पाहण्यासारखे आहे. मृत्यूसाठी वेतनाच्या ५० टक्के व कायम पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. २०२० मध्ये हिशोबासाठीची वेतनमर्यादा १५,००० रुपये झाली. तीस वर्षांच्या कर्मचाऱ्याचा गुणक २०७.९८ असल्याने मृत्यूबद्दलची कमाल रक्कम १५,५९,८५० रुपये होते. तर्जनी पूर्ण तुटल्यास १४ टक्के अपंगत्व धरून ही रक्कम सुमारे २ लाख ६२ हजार रुपये होते. येथे एक अडचण उद्भवते. रोजंदारीवरील मजुराकडे वेतनाची पावती नसते, हजेरीपट मुकादमाकडे असतो. ज्या वेतनावर सारा हिशोब उभा आहे, तेच सिद्ध करणे त्याला कठीण जाते.

ग्रामीण भागात अपघातानंतर प्रकरण 'आपसात मिटवण्याची' प्रथा आहे. १९२३ च्या कायद्यानुसार मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे आणि हक्क सोडून देणारा कोणताही करार शून्य ठरे. म्हणजेच कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याला कायद्याने कधीच किंमत दिली नाही. किंमत दिली ती मजुराच्या अज्ञानाने. ठेकेदारामार्फत नेमलेल्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

मराठवाड्यातील एक निवाडा :

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीवर जाताना रस्ता अपघातात मरण पावला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर कामावर जाण्या-येण्यातील अपघातही कामातीलच होय, असे न्यायालयाने मानले. बावीस वर्षांनी कुटुंबाला मिळालेला हा न्याय कायद्याच्या विकासाचा टप्पा आहे, तसेच विलंबाचा पुरावाही आहे. खुलताबाद-संभाजीनगर घाटरस्त्याने कामावर ये-जा करणाऱ्यांसाठी या निवाड्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात येऊन तिने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली. प्रवासातील अपघाताचे हे तत्त्व त्या संहितेत समाविष्ट आहे.

निष्कर्ष :

१) भरपाईची मागणी प्रथम कामगारांनी केली, कायदा त्यांच्या मागून आला.
२) खुलताबाद परिसरातील श्रमिक प्रथम संस्थानाच्या हद्दीमुळे व नंतर कायद्यातील व्याख्येमुळे संरक्षणापासून दूर राहिला.
३) शेतकरी अपघातासाठीच्या राज्य शासनाच्या साहाय्य योजना सातबारा व शेतकरी कुटुंब यांच्याशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे भूमिहीन शेतमजुरासाठी कर्मचारी भरपाईचा हक्क अधिकच मोलाचा ठरतो.
४) वेतनाची लेखी नोंद हीच भरपाईची पहिली पायरी होय. ग्रामपंचायतीने मजुरांच्या कामाची व मजुरीची नोंद ठेवण्याची व्यवस्था केल्यास १८८४ च्या निवेदनातील मागणी विहिरीच्या काठापर्यंत पोहोचू शकेल.