जाहिरातीवरील कात्री

ता. १ जुलै १९४१ रोजीं दुपारीं न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीटी या दूरचित्रवाणी केंद्रावर बेसबॉलचा सामना सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर एक घड्याळ दिसलें. मागें अमेरिकेचा नकाशा होता आणि घड्याळ बुलोव्हा कंपनीचें होतें. थोड्याच वेळांत तें नाहींसें झालें व ब्रुकलिन आणि फिलाडेल्फिया येथील संघांचा खेळ लोकांस दिसूं लागला. तेवढ्या अवकाशाबद्दल कंपनीस नऊ डॉलर मोजावे लागले. सरकारी परवानगीनें दूरचित्रवाणीवर झळकलेली अमेरिकेतील ही पहिली जाहिरात होय. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात असें म्हणतात. या मुलाचे मात्र कोणास दिसले नाहींत. पुढें तासाभराच्या कार्यक्रमांतील जवळजवळ चवथा हिस्सा जाहिरातींनीं व्यापिला. त्यांच्याच पैशावर कार्यक्रम चालत असल्यामुळें प्रेक्षकास ते फुकट पाहावयास मिळत. हा सौदा कोणीं कागदावर लिहून घेतला नव्हता. फुकट खेळ पाहाणारानें जाहिरातहि पाहिलीच पाहिजे कीं काय, हा प्रश्न त्यामुळें अनिर्णितच राहिला आणि पुढें सुमारें चाळीस वर्षें न्यायालयांत फिरत होता.

जाहिरातीवर पहिला वार झाला तो तिच्या आवाजावर. झेनिथ या संच बनविणाऱ्या कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांस जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. त्यांच्या पदरचे अभियंते युजीन पॉली यांनीं १९५५ मध्यें पिस्तुलाच्या आकाराची एक विजेरी तयार केली. संचाच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसविलेले असत. त्यांपैकीं एकावर झोत टाकला कीं विक्रेत्याचें तोंड बंद होई आणि चित्र तेवढें चालू राही. युक्ति नामी होती, परंतु खिडकींतून आलेलें ऊन या डोळ्यांवर पडलें कीं संच मनास येईल तसा वागूं लागे. आवाज गेला तरी वेळ जाई तो जाईच. वेळ वांचविण्यासाठीं कार्यक्रम प्रथम साठवून ठेवणें अवश्य होतें.

ती सोय १९७५ मध्यें सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्रानें घरांत आणून दिली. दुसऱ्याच वर्षीं युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपटसंस्थांनीं सोनीवर दावा लावला. गृहस्थानें घरीं बसून कार्यक्रमाची फीत भरून घेणें हीच मुळीं चोरी, असें त्यांचें म्हणणें होतें. १९७९ मध्यें लॉस एंजेलिसच्या न्यायालयानें सोनीच्या बाजूनें निकाल दिला, १९८१ मध्यें वरच्या न्यायालयानें तो फिरविला, आणि ता. १७ जानेवारी १९८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं सोनीस सोडून दिलें. आपल्या सवडीनें पाहाण्यासाठीं कार्यक्रम मुद्रित करणें हा गुन्हा नव्हे, हें त्या दिवशीं कायम झालें.

या खटल्यांत जाहिरातींचा प्रश्न निघाला होताच. लोक जाहिराती गाळतील व धंदा बुडेल, अशी भीति वादींनीं घातली होती. तिला खालच्या न्यायालयानें दिलेलें उत्तर मोठें मासलेवाईक आहे. जाहिरात गाळावयाची तर मुद्रण चालू असतांना यंत्रापुढें बसून तें थांबवावें लागतें, म्हणजे जाहिरात पाहावीच लागते. नाहींतर मागाहून फीत पळवून ती कोठें संपली याचा अंदाज बांधावा लागतो. हीं दोन्ही कामें बहुतेकांस कंटाळवाणीं वाटतील, असें न्यायाधीशांचें मत पडलें. पुढें आलेल्या एका पाहणीनुसार ९२ टक्के कार्यक्रम जाहिरातींसकट मुद्रित होत असत, आणि त्या पळविणारे यंत्रमालक अवघे २५ टक्के होते. जाहिरातदारांचें रक्षण अशा रीतीनें कायद्यानें केलें नाहीं. तें माणसाच्या आळसावर सोपविलें गेलें. पुढील सर्व इतिहास हा कंटाळा दूर करूं पाहाणाऱ्या यंत्रांचा आहे, आणि कंटाळा जितका घटला तितके खटले वाढले.

दोन जाहिरातींच्या सांध्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि आवाज थांबतो, ही गोष्ट हेरून १९९० नंतरच्या कांहीं व्हीसीआर यंत्रांनीं मुद्रण संपतांच फीत पुन्हां चाळून अशा जागीं खुणा करण्यास आरंभ केला. १९९९ मध्यें फितीऐवजीं संगणकाच्या तबकडीवर मुद्रण करणारीं टिव्हो आणि रिप्लेटीव्ही हीं दोन यंत्रें बाजारांत आलीं. टिव्होनें जपून पाऊल टाकिलें. तीस सेकंद पुढें उडी मारण्याची सोय तिनें ठेविली खरी, पण ती बटणांच्या एका गुप्त क्रमाआड लपविली. जाणत्यांनीं ती एकमेकांस सांगितली. रिप्लेटीव्हीनें असला आडपडदा ठेविला नाहीं. तिचें २००१ मधील यंत्र जाहिराती आपोआप ओलांडून जाई व मुद्रित कार्यक्रम दुसऱ्याच्या यंत्राकडे धाडूंहि शके. तें बाजारांत येतें न येतें तोंच मोठ्या वाहिन्यांनीं एकजुटीनें दावा ठोकला. टर्नर कंपनीचे प्रमुख जेमी केल्नर यांनीं २००२ मध्यें जाहिरात चुकविणें म्हणजे चोरी असें सांगितलें; प्रसाधनगृहांत जाणारास मात्र थोडी सवलत देण्याचें औदार्य त्यांनीं दाखविलें! रिप्लेटीव्हीची मालक कंपनी सॉनिकब्लू हिनें मार्च २००३ मध्यें दिवाळें काढलें आणि नव्या मालकानें पुढील यंत्रांतून ही कात्री काढून टाकली. न्यायनिवाडा झालाच नाहीं.

दुकानांतील यंत्रास जें जमलें नाहीं तें घरच्या संगणकानें जमविलें, कारण तेथें दावा लावावा अशी कंपनीच बहुधा नव्हती. आयझॅक रिचर्ड्स यांनीं २००२ मध्यें आरंभिलेली मिथटीव्ही ही विनामूल्य प्रणाली मुद्रित कार्यक्रमांतील जाहिरातींवर खूण करीत असे. एरिक काशुक यांचें कॉमस्किप हें सॉफ्टवेअरहि अशाच हौशी कारागिरीचें फळ होय. काळी चौकट आणि शांतता यांखेरीज कोपऱ्यांतील वाहिनीचें बोधचिन्ह केव्हां नाहींसें होतें, चित्रांची लांबीरुंदी कोठें बदलते, हेंहि तें पाहतें. तरीहि चूक होते. रात्रीच्या अंधारांतील रहस्यमय प्रसंग यंत्रास जाहिरातीचा सांधा वाटावा, आणि खुनी कोण हें कळण्याच्या क्षणींच कथा तुटावी, याहून मोठा रसभंग कोणता?

म्हणून चोखंदळ गृहस्थास अखेर स्वतःच्या हातीं कात्री घ्यावी लागते, आणि ती कोणती घ्यावी हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. अमेरिकेंत अंकीय प्रक्षेपणासाठीं निवडलेल्या एमपेग-२ या पद्धतींत प्रत्येक चित्र पूर्ण नसतें. साधारण अर्ध्या सेकंदांत एखादेंच स्वयंपूर्ण असतें. बाकीचीं मागच्यापुढच्यांवर अवलंबून असतात, एकत्र कुटुंबांतील माणसांप्रमाणें. मध्येंच तोडलें कीं पडद्यावर चौकोनी ठिकऱ्या उडतात. सबंध फाइल नव्यानें संकोचून घ्यावी तर चित्राचा कस जातो आणि जुन्या संगणकास तासन् तास राबावें लागे. लॉसलेसकटसारखें विनामूल्य साधन मुख्यतः स्वयंपूर्ण चित्राजवळच छेद घेतें. काम मिनिटाभरांत होतें व कस जसाच्या तसा राहतो, पण जाहिरातीचा एखादा कण मागें उरतो. व्हिडिओरीडू या विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनें मधला मार्ग काढला: सांध्याजवळचीं मोजकीं चित्रें तेवढीं नवीं घडवावयाचीं आणि बाकीच्यांस हात लावावयाचा नाहीं. अमेरिकन घरांतून तें पुष्कळ वर्षें आवडतें होतें तें याच कारणानें. ज्यास कार्यक्रम एकदां पाहून पुसावयाचा आहे त्यानें यंत्राच्या खुणांवर विसंबावें. संग्रहीं ठेवणारानें मात्र खुणा यंत्राकडून घ्याव्या आणि छेद डोळ्यांनीं तपासावा, हेंच इष्ट.

मनुष्याच्या डोळ्याची ही गरज मोठ्या कंपनीसहि चुकली नाहीं. डिश या उपग्रहवाहिनी पुरविणाऱ्या कंपनीनें मे २०१२ मध्यें ऑटोहॉप नांवाची सोय दिली; तींत रात्रीचे मुख्य कार्यक्रम दुसऱ्या दिवशीं जाहिरातींवांचून दिसत. या खुणा यंत्रानें नव्हे, तर पगारी नोकरांनीं पडद्यापुढें बसून केलेल्या असत! फॉक्सनें दावा लावला. जाहिरातींचे हक्क फॉक्सचे नाहींतच, तेव्हां त्या ओलांडल्यानें तिच्या हक्कास धक्का कसा लागतो, असें २०१३ मध्यें अपील न्यायालयानें विचारिलें. परंतु खुणा तपासण्यासाठीं कंपनीनें स्वतः केलेल्या प्रति मात्र नियमबाह्य ठरण्याचा संभव होता. अखेर तडजोडी झाल्या: एबीसीच्या कार्यक्रमांस तीन दिवस, सीबीएस व फॉक्स यांच्या कार्यक्रमांस सात दिवस ही सोय लागूं करावयाची नाहीं. फॉक्सशीं समेट २०१६ मध्यें झाला. आठवडाभर थांबण्याचा कंटाळा पुन्हां एकदां जाहिरातदारांच्या मदतीस धांवला.

याच काळांत फिलाडेल्फियांत मेरियन स्टोक्स नांवाची एक ग्रंथपाल बाई उलट दिशेनें चालली होती. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून डिसेंबर २०१२ मध्यें मृत्यु येईतों तिनें अनेक यंत्रें रात्रंदिवस चालू ठेवून बातम्या मुद्रित केल्या. जाहिरातींसकट साठविलेल्या तिच्या सुमारें सत्तर हजार फिती पुढें इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. एका काळचे साबण, मोटारी, औषधें आणि त्यांच्या किंमती तींत जशाच्या तशा उरल्या आहेत. ज्यांनीं नेटकी कात्री चालविली त्यांच्या फाइलींत तें कांहींच नाहीं. कॉमस्किप छेद न घेतां खुणांची एक वेगळी यादी लिहून ठेवतें, आणि मूळ फाइल अबाधित राहते.