पुण्यातील संगणक-शिक्षण आणि सुरक्षेचा उशिरा आलेला विषय

पुणे विद्यापीठात १९८० साली संगणकशास्त्र विभाग सुरू झाला आणि १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली, तेव्हा शहरातील संगणक-शिक्षणाचा भर यंत्राकडून अधिकाधिक काम करून घेण्यावर होता. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध झालेला ‘परम ८०००’ हा महासंगणक म्हणजे त्याच आकांक्षेचे फळ. त्या कामात कोणी मुद्दाम विघ्न आणील, ही शंका आधी दुरुस्तीच्या दुकानांत खरी ठरली. फ्लॉपीवाटे शिरणाऱ्या व्हायरसांनी, म्हणजे स्वतःच्या नकला काढत पसरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रॅमांनी, गिऱ्हाइकांचे संगणक नादुरुस्त होऊ लागले, तेव्हा कैलास काटकर यांच्या दुरुस्ती-व्यवसायाला धाकटे बंधू संजय यांच्या संगणक-शिक्षणाची जोड मिळून नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ हे व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर आकाराला आले. विद्यापीठीय अभ्यासक्रमांआधी बाजारपेठेने संगणक-सुरक्षेचा विषय हाती घेतला, याची नोंद पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

संगणकीय गुन्ह्यांची दखल घेणारा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. पुढे गिरीनगरच्या संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेत सायबर सुरक्षेचे एम.टेक. शिक्षण उपलब्ध झाले, आणि विद्यापीठाने संगणकाशी संबंध नसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही या विषयाचे श्रेयांक सक्तीचे केले.

या शिक्षणाची खरी कसोटी मात्र ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीत, पुण्याच्याच कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्याने घेतली. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर ‘पैसे द्यावेत का’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या मधल्या संगणकामार्फत बँकेकडे जातो. हल्लेखोरांनी तेथे बनावट स्विच उभा केल्यामुळे तो प्रश्न मूळ खात्यापर्यंत पोहोचलाच नाही आणि नकली कार्डांना परस्पर होकार मिळत गेला. काही तासांत २८ देशांतून रकमा निघाल्या, सोमवारी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी पैसे हाँगकाँगला वळते झाले, आणि एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांवर गेले.

माहिती प्रणाली म्हणजे यंत्रे, माणसे, नोंदी आणि कार्यपद्धती यांची एकत्र बांधणी, ही पाठ्यपुस्तकी व्याख्या या घटनेत जशी उलगडते तशी ती क्वचितच अन्यत्र उलगडत असेल. सुट्टीच्या दिवशी व्यवहारांवर कोणाची नजर असते, हा कार्यपद्धतीचा प्रश्न. बनावट स्विच कसा ओळखावा, हा तंत्राचा. आणि परदेशातील पुरावा कसा मिळवावा, हा कायद्याचा. विद्यापीठीय रचनेत मात्र हे तिन्ही प्रश्न वाणिज्य, अभियांत्रिकी आणि विधी अशा वेगवेगळ्या शाखांत विभागलेले राहतात, आणि ज्या विद्यार्थ्याला पुढे बँकेची सुरक्षा सांभाळायची आहे त्याला ते एकाच वर्गात क्वचितच भेटतात.